कादंबरी कुठवर आली?

वाचकहो, आमच्या भागात रस्त्यात माणूस भेटला की आधी पाण्यापावसाचं विचारतो, मग पिकाचं. गेली दोन वर्षं मला तिसराही प्रश्न येतो. "काऊन वो काकू, कादंबरी कुठवर आली?" बियाण्याच्या दुकानात विचारतात, पिठाच्या गिरणीवर विचारतात, परवा एका लग्नात नवरदेवाच्या मामानंही विचारलं. सुरात थोडी चेष्टा असते, थोडं कौतुकही असतं. मी म्हणते, "फुलावर आहे." एवढ्यानं त्यांचं भागतं. फुलावर आलेल्या पिकाचा भरवसा किती असतो, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही.

आज मात्र जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांची पत्रं साठली आहेत. बहुतेक पत्रांत एकच गोष्ट असते. "मीही लिहितो, दोन वह्या भरल्या, आता पुस्तक कसं काढू?" मुलींची पत्रं जास्त. त्यातल्या काहीजणी लिहितात की वही धान्याच्या कोठीमागं ठेवली आहे, घरी कुणाला माहीत नाही.

माझी ओळख थोडक्यात देते. गाव उमरेड तालुक्यात, घरची आठ एकर, त्यात सोयाबीन, तूर, थोडा कापूस आणि हौसेपुरती मिरची. रात्री भांडी आवरली की लिहायला बसते. आतापर्यंत सतरा कथा लिहून झाल्या, त्यातल्या अकरा छापून आल्या, चार परत आल्या, दोन कुठं गेल्या त्याचा पत्ता नाही. कथांचा एक संग्रह निघाला. कादंबरीचा तिसरा खर्डा चालू आहे. तेव्हा मी काही मोठी लेखिका नव्हे. पण पेरणी कशी करावी हे विचारायला आपण कृषी विद्यापीठात थोडेच जातो, शेजारच्या वावरात ज्याचं बरं उगवलं त्यालाच विचारतो. तसं समजा.

तुम्ही पुस्तकाचं आधी विचारता, मी गोष्टीपासून सुरू करते. पैशाचं पुढं येणार आहे, तेवढं वाचल्याशिवाय पान उलटू नका.

माझी तिसरी कथा सातऱ्यावरची होती. भिवापूर-उमरेडकडच्या वाचकांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. मिरची वाळवायची आणि तिची देठं खुडायची जी जागा असते तिला आम्ही सातरा म्हणतो. दिवसभर बाया ओळीनं बसून देठं खुडतात. संध्याकाळपर्यंत हातांची आग आग होते. तेल लावा, ताक लावा, रात्रीपर्यंत ती जात नाही. माझ्या कथेतली बाई घरी येते तेव्हा तिचं तान्हं रडत असतं, आणि त्या हातांनी तिला त्याला घेता येत नाही. एवढीच गोष्ट.

ती एका मासिकाकडं पाठवली. संपादकांचं उत्तर आलं, कथा चांगली आहे, पण संवाद शुद्ध मराठीत करून द्या, "मले" आणि "तुले" वाचकांना कळणार नाही. मी दोन रात्री बसून करून पाहिलं. "मला त्याला घेता येत नाही हो," असं ती बाई म्हणू लागली आणि मला वाटलं ही सातऱ्यावर कधी गेलेलीच नाही. मी कथा दिली नाही. दोन वर्षांनी दुसरीकडं दिवाळी अंकात ती जशीच्या तशी आली, तेव्हा पहिलं पत्र कोकणातून आलं. त्या बाईनं लिहिलं होतं, आमच्याकडं काजू सोलणाऱ्या बायांचे हात असेच भाजतात. तिला "मले"चा अर्थ कुणी सांगावा लागला नव्हता.

ही वाट मी शोधलेली नाही. आपल्या विदर्भात ती उद्धव शेळके यांनी १९६० सालीच पाडून ठेवली आहे. त्यांची 'धग' मिळाली तर जरूर वाचा, तालुक्याच्या वाचनालयात बहुधा असतेच. त्यातली कौतिक, नवऱ्याच्या कमाईचा भरवसा नसताना पोरं वाढवणारी बाई, वऱ्हाडीतच बोलते, वऱ्हाडीतच भांडते. आणि पुण्या-मुंबईच्या वाचकानं तिला समजून घेतलं. शेळके यांनी पुढं पुष्कळ कादंबऱ्या लिहिल्या, पण आजही लोक नाव काढतात ते 'धग'चंच.

मात्र बोलीचं प्रमाण मिठासारखं असतं. आमच्या उमरेडची तर आणखी गंमत आहे. वर्धेकडं गेलं की वऱ्हाडी, नागभीड-पवनीकडं गेलं की झाडीबोली, आणि आम्ही मधे. झाडीबोलीत 'ळ' नाही. काळा बैल तिथं कारा होतो, डोळा डोरा होतो. माझ्या कादंबरीतली धाकटी जाऊ पवनीकडची आहे. तिच्या तोंडचा प्रत्येक 'ळ' मी 'र' केला असता तर बाहेरचा वाचक दुसऱ्या पानावर थांबला असता. म्हणून ती रागावली की "कारं" म्हणते, एरवी तिच्या बोलण्याची नुसती चाल तेवढी ठेवली आहे. सांगणारी मी असते तेव्हा साधं छापील मराठी, आणि पात्र बोलतं तेव्हा त्याचं त्याला. मला तरी हे पुरतं.

आता जरा खोलात जाते, कारण शेतकऱ्यांसाठी लिहायचं तर इथं फसवाफसवी चालत नाही. माझी कादंबरी दोन भावांची आहे. त्यांचं वावर उमरेडच्या कोळशाच्या उघड्या खाणीत जातं आणि मोबदल्यात घरातल्या एकालाच नोकरी मिळते. थोरला भाऊ १९७२ साली शेती करताना दाखवायचा होता. त्याच्या वावरात काय असेल? आज जिकडं तिकडं सोयाबीन दिसतं म्हणून नव्या पोरांना वाटतं, ते पूर्वापार आहे. पण विदर्भात सोयाबीनचा पसारा वाढला तो ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून. तेव्हा थोरल्याच्या वावरात ज्वारी हवी, तूर हवी, पऱ्हाटी हवी. बरं, कापूस निघाल्यावर तो त्यानं कुणाला विकला? त्याच सुमारास राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली होती. खासगी व्यापाऱ्याला उघडपणे कापूस देणं बंद, संकलन केंद्रावर गाड्यांच्या रांगा आणि चुकारे टप्प्याटप्प्यानं. हे कळलं आणि मला एक अख्खं प्रकरण मिळालं. पैसे हप्त्यानं येणार आणि बहिणीचं लग्न मात्र एकाच दिवशी, मग भावाभावांत पहिली ठिणगी पडणारच. असं प्रकरण डोक्यातून काढू म्हटलं तर निघत नाही. ते सासऱ्यांनी जपलेल्या कागदांत आणि गावातल्या दोन म्हाताऱ्यांच्या आठवणींत होतं.

तसंच छोट्या गाडीचं. नागपूरहून उमरेड, भिवापूरवरून नागभीडला जाणारी ती लहान रुळांची गाडी रुंदीकरणासाठी २०१९ साली बंद झाली. कादंबरीतला नातू कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, म्हणजे २०२१ साली, नागपूरहून घरी येतो. त्या गाडीच्या दारात बसलेला तो फार छान दिसला असता. पण त्याला मी मोटारसायकलवर आणला. शहरातला वाचक कदाचित सोडून देईल, तुम्ही सोडणार नाही. एक चुकीची गाडी दिसली की तुम्ही म्हणाल, हिला आपल्याकडचं काही माहीत नाही, आणि मग भावांच्या भांडणावरही तुमचा विश्वास बसणार नाही.

तुमच्यातल्या पुष्कळांना वाटतं, आपलं शिक्षण कमी, आपल्याला कसं जमणार. अण्णा भाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले होते. 'फकिरा' त्यांनी लिहिली ती १९५९ साली. बुलढाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातला एकनाथ शिकलेला आहे, पण नोकरी नाही आणि शेती त्याला सोडत नाही. असे एकनाथ आपल्या प्रत्येक गावात चार-दोन आहेत. विषय शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. अडचण वेगळीच असते, आणि ती आता सांगते.

गावात राहून गावाचं लिहायचं, हे सोपं काम नाही. शहरातल्या लेखकाचे शेजारी त्याचं पुस्तक वाचत नाहीत. आपले वाचतात, आणि वाचलं नाही तर ऐकतात. धुऱ्याचं भांडण झालं नाही असं गाव मला दाखवा. पण तुम्ही धुऱ्याची कथा लिहिली की चार घरं म्हणतात, ही आमचीच. नुसतं नाव बदलून भागत नाही; रामराव लिहिला काय नि शामराव लिहिला काय, लंगडणारा पाय लोक ओळखतात. मी तीन माणसांचा एक माणूस करते. एकाचा स्वभाव, दुसऱ्याचं घर, आणि बोलणं तिसऱ्याच गावचं. तसं करताना गोष्टच बदलत जाते आणि बहुतेक वेळा सुधारते.

आणि जिचं दुखणं आहे ती बाई हयात असेल, तर तिला विचारल्याशिवाय तिची गोष्ट घेऊ नये, असं माझं मत आहे. काही लेखकांना हे पटत नाही. ते म्हणतात, लेखकाला सगळं मोकळं असतं. असेल. माझ्या वहीत सहा वर्षांपासून एक कथा लिहून पडली आहे. आमच्याच गावातल्या एकीची आहे. माझ्या सगळ्या कथांत ती चांगली उतरली आहे, हे मला ठाऊक आहे. मी ती तिला तिच्या ओसरीत बसून वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकली, डोळे पुसले आणि म्हणाली, "बरोबर लिहिलं वो तू. पन छापू नको." मी छापलेली नाही. ती रोज पाण्याला माझ्याच दारावरून जाते.

वाचून दाखवण्याचं निघालं म्हणून सांगते. माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही. प्रत्येक कथा मी आधी त्यांना वाचून दाखवते. त्या काही बोलत नाहीत, पण कंटाळा आला की त्यांचा हात आपसूक अडकित्त्याकडं जातो. सुपारी कातरण्याचा आवाज आला की मी त्या ओळीपुढं पेन्सिलीनं खूण करते. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिथं हटकून मी चंद्र, चांदणं नाहीतर माणसाच्या मनातलं लांबलचक काहीतरी लिहिलेलं असतं. ते कापायचं. कधी मधेच त्या म्हणतात, "मंग त्या बाईचं का झालं, थे सांग ना." तिथं समजायचं की पाणी लागलं. संपादकांचा सल्ला महिन्यांनी येतो, सासूबाईंचा त्याच रात्री.

एका मुलाचं पत्र आहे की नेमाड्यांनी 'कोसला' थोड्याच दिवसांत लिहिली, मग तुम्हाला तीन-तीन खर्डे कशाला? खरं आहे. भालचंद्र नेमाडे मुंबई सोडून आपल्या गावी, सांगवीला गेले आणि पंचविसाव्या वर्षी सपाट्यानं 'कोसला' लिहून काढली. १९६३ साली ती आली. पण त्याच लेखकाची 'हिंदू' आली २०१० साली, सत्तरी उलटल्यावर. सगळीच जमीन एका पावसात वाफशावर येत नाही. आणि कादंबरी जाडच हवी असंही नाही. माडगूळकरांची 'बनगरवाडी' एवढीशी आहे, १९५५ साली पुस्तक निघालं, आणि माणदेशातल्या त्या धनगरांच्या वाडीची गोष्ट इंग्रजीतही गेली.

आता छापण्याचं. नव्या माणसानं सुरुवात कथेपासून करावी आणि ती नियतकालिकाकडं पाठवावी. मराठीत कादंबऱ्यासुद्धा आधी अंकांतूनच लोकांपर्यंत गेल्या. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून क्रमशः दिली. दिवाळी अंकाची चाल 'मनोरंजन'नं १९०९ साली पाडली, ती अजून चालू आहे. पण दिवाळीत छापायची कथा दिवाळीत पाठवून उपयोग नाही. मी मृगाची पेरणी सुरू व्हायच्या आत पाठवते. पेरणी लागली की मग कसली कथा! पूर्वी मी रजिस्टर पोस्टानं पाठवत असे. ते २०२५ साली स्पीड पोस्टात मिळवलं गेलं. तसंही आता बहुतेक संपादक युनिकोडमध्ये टाईप केलेला मजकूर ईमेलनं मागतात. माझा मुलगा मोबाईलवर टाईप करून देतो आणि "मले"चं "मला" आपोआप झालेलं पाहून फोनवर चिडतो. काहीही करा, हातची वही फेकू नका, आणि एकच कथा एका वेळी दोघांकडं पाठवू नका.

आणि आता ते पैशाचं. पुस्तक काढून देतो म्हणणारे पुष्कळ भेटतात. कथा न वाचताच ते म्हणतात, फार सुंदर आहे, फक्त खर्चाला चाळीस हजार द्या. आमच्या ओळखीतल्या एका तरुणानं असे दिले. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावानं धरलं तरी आठ क्विंटलांवर सोयाबीन झालं, आणि बाजारात तेवढा भाव किती जणांना मिळाला ते तुम्हीच सांगा. पाचशे प्रती आल्या, शंभर वाटल्या, उरलेल्या माळ्यावर आहेत. तो आता लिहीत नाही. पैसे गेले त्याच्यापेक्षा मला याचं वाईट वाटतं, कारण त्याच्या दोन कविता मी वाचल्या होत्या.

वाचकहो, सोयाबीन विकून पुस्तक काढू नका. सरळ व्यवहारात प्रकाशक लेखकाला पैसे देतो, लेखक प्रकाशकाला नाही. मानधन थोडं असेल, उशिरा येईल, पण दिशा ती. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची जाहिरात निघते तेव्हा लक्ष ठेवा. पुस्तकावर जो आयएसबीएन क्रमांक असतो, तो आपल्या देशात फुकट मिळतो. त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर उठून या. करार लेखी करा. किती प्रती, किती टक्के मानधन, किती वर्षं, आणि भाषांतराचे व सिनेमाचे हक्क कुणाकडं, हे सगळं त्यात हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं तुम्ही लिहिलेलं लिहिल्या क्षणी तुमचं असतं, त्यासाठी नोंदणी लागतेच असं नाही, आणि तुमच्या पश्चात साठ वर्षं ते तुमच्या वारसांचं राहतं. हक्क देताना करारात मुदतच लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. सातबाऱ्यावर सही करताना आपण जेवढं डोळ्यांत तेल घालतो, तेवढंच इथं घाला.

माझ्या संग्रहाच्या पाचशे प्रती निघाल्या. त्यातल्या बऱ्याचशा वाचनालयांनी घेतल्या. मानधनाचा पहिला चेक आला, त्यातून फवारणीचा पंप आणला. पंपावर मी काही लिहिलेलं नाही, पण घरात त्याला कथेचाच पंप म्हणतात.

कादंबरीचं विचाराल तर तिसऱ्या खर्ड्यात अकरावं प्रकरण चालू आहे. थोरला भाऊ संमतीच्या कागदावर सही करायला निघाला आहे आणि त्याच दिवशी घरची मिरची बाजारात गेली आहे. इथं मी दोन महिने अडले आहे. १९७० ते ७५ च्या सुमारास उमरेड-भिवापूरकडच्या मिरचीला काय भाव होता, पोती छोट्या गाडीनं जात की बंडीनं, अडत किती कापत, हे मला नक्की कळायला हवं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबांच्या पेटीत त्या वेळची अडत्याची पट्टी असेल, तर तिच्यावरचा भाव, वजन आणि तारीख उतरवून या साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवा. मूळ कागद पाठवू नका, तो घरीच राहू द्या.